पथ्य पाळले नाही

८ जानेवारी

प्रिय काटा,

एकाच शहरात दोन बस लांब राहून आपण दोघी पोस्टाने बोलतो, हे कळलं असतं तर आपल्या शाळेतल्या शिवणाच्या सिस्टर हसल्या असत्या. नाही, हसल्या नसत्या. त्यांनी आधी समास नीट सोडलाय का ते पाहिलं असतं. पण मी तरी काय करू? कान पार गेलेत. समोर बसून कोणी जोरात बोललं तर कळतं, पण फोनवर तू बोलतेस आणि मी नुसती हो हो करत बसते. कागदावर तरी तुझं सगळं ऐकू येतं.

तुझा दादा गेला त्याला येत्या महिन्यात दोन वर्षं होतील. मशीन चालू आहे. उसवलेलं, आखूड झालेलं, पोट सुटल्यामुळे तंग झालेलं, असं सगळं घेऊन लोक येतात. पायाने पायडल मारत खिडकीशी बसते. दिवस जातो.

आज कामासाठी लिहिते आहे. खालच्या मजल्यावर माझी एक शेजारीण आहे, आपल्याच वयाची. तिला साखरेचा आजार. तुमच्या हॉस्पिटलचं उपकेंद्र आहे ना आमच्या बाजूला, तिथे तपासायला जाते. त्यांनी तिला तुमचा आहारतक्ता दिला. खाली तुझी सही बघून मला काय आनंद झाला सांगू! सहीतला तो वर गेलेला फराटा अजून तसाच आहे.

पण तक्त्यावर रोज दोन पालेभाज्या, एक फळ, कोशिंबीर, ताजं दही अशा चौदा गोष्टी लिहिल्यात. आमच्याकडे ते मिळत नाही गं. कारखान्याच्या फाटकासमोरचे भाजीचे गाळे चार वर्षांपूर्वी पाडले. तू पाहिलं नसशील, तुझी गाडी मागच्या रस्त्याने यायची. त्या जागी थंडगार मोठं दुकान आलं, दहा महिने चाललं आणि पाटी उतरवून गेलं. त्यांचा मॅनेजर जाताना म्हणाला, इथली माणसं भाजीला हात लावत नाहीत. लावला होता हात. भाव बघून काढून घेतला.

तर या शेजारणीने त्या चौदा गोष्टींऐवजी काय खावं, ते कळव. आणि तिच्या फाईलवर एक लाल शिक्का मारलाय, 'पथ्य पाळले नाही' असा. तो कशाचा?

तुझी,
टाका


२० जानेवारी

प्रिय टाका,

तुझं अक्षर पाकिटावर दिसलं आणि मी मीटिंगमध्ये ते टेबलाखाली फोडलं, वर्गात फोडायचो तसं. किती वर्षांनी कोणी मला काटा म्हटलं! इथे सगळे मॅडम म्हणतात, आणि बारीक तर मी आता कुठूनच नाही.

आता शेजारणीचं. तो शिक्का माझाच, म्हणजे कल्पना माझी. आमच्याकडे जागा कमी आणि रांग मोठी. साखर उतरली नाही आणि आहार पाळलेला नसला की शिक्का. तीन शिक्के झाले की फाईल बंद आणि जागा दुसऱ्याला. मग त्या माणसाने सरकारी ओपीडीच्या रांगेत जावं. ऐकायला कठोर वाटेल, पण शिक्का सुरू केल्यापासून आमच्या रुग्णांची साखर इतकी उतरलीय की बाहेरची मंडळी विचारायला येतात. मार्चअखेर मोठ्या परिषदेत मला यावर बोलायला बोलावलंय. दादा असता तर कॉलर ताठ करून पहिल्या रांगेत बसला असता.

तू मऊ मनाची आहेस, म्हणून सांगते. 'मिळत नाही' हे मी पंधरा वर्षं ऐकते आहे. मिळत नाही, वेळ नाही, मुलं खात नाहीत. खरं कारण एकच असतं, इच्छा नसते. मी तुमच्याकडे यायचे तेव्हा टेबलावर फळांची परडी कधी रिकामी पाहिली नाही. सफरचंदं, संत्री, सगळं. तुम्हाला मिळत होतं ना? तिला म्हणावं, आठवड्यातून एकदा मोठ्या मंडईत जा, निवडून ठेव, खिडकीत दोन कुंड्या लाव. नवा तक्ता पाठवते आहे, रंगीत, प्लास्टिकच्या आवरणातला. भिजला तरी खराब होत नाही.

तुझ्या तब्येतीचं एक अक्षर लिहिलं नाहीस.

तुझी,
काटा


१६ फेब्रुवारी

प्रिय काटा,

तक्ता मिळाला. छान आहे. त्यातला मासा इतका ताजा दिसतो की मांजर खिडकीत येऊन बसलं.

तुझं म्हणणं शेजारणीला सांगितलं आणि आम्ही दोघी मोठ्या मंडईत गेलो. एक बस चौकापर्यंत, मग पाऊण तास उभं राहून दुसरी. भाजी सुंदर होती गं. मी नुसती कोथिंबिरीच्या ढिगाजवळ उभी राहिले, तर भाजीवाली म्हणाली, "आजी, वास फुकट आहे, पण जागा अडवू नका." पिशव्या भरल्या. परतताना कंडक्टर म्हणाला, "आजी, सामानाचं तिकीट पडेल." मी म्हटलं, "लहान मुलाचं अर्धं असतं ना? मग या भोपळ्याचं अर्धं लाव, मांडीवर घेते." सगळी बस हसली. तिकीट मात्र त्याने पूर्ण फाडलं.

मग तीन जिने. माझे गुडघे तुला माहीत आहेत. फ्रिज तर तुझ्या दादाच्या आधी आठ दिवस गेला, जसा काही वाट दाखवायला पुढे निघाला. चौथ्या दिवशी पालेभाजी काळी पडली. कुंड्यांचं म्हणशील तर खिडकीसमोर कारखान्याची भिंत आहे. ऊन दुपारी वीस मिनिटं येतं आणि चहा पिऊन जातं.

कोपऱ्यावर एकच दुकान उरलंय. आम्ही त्याला पाकीटवाला म्हणतो. त्याला विचारलं, "अहो, ताजं काही ठेवत जा की." तर म्हणतो, "सगळं ताजंच आहे आजी, तारीख बघा, अजून अकरा महिने ताजं."

हसून घे. आता पुढचं हसण्यासारखं नाही. शेजारणीला दुसरा शिक्का बसला. टेबलामागे एक मुलगी असते, वाईट नाही बिचारी. शेजारीण तिला म्हणाली, "बाई, आमच्याकडे हे मिळत नाही, तेवढं लिहा." मुलीने कॉम्प्युटरकडे बघितलं आणि म्हणाली, "मावशी, 'मिळत नाही' असा रकानाच नाहीये. 'पाळलं' आणि 'पाळलं नाही', दोनच आहेत. सांगा, कुठे टिचकी मारू?"

दोनच रकाने कोणी ठेवले, काटा? तू ठेवलेस का? डाव्या पायाच्या करंगळीशी तिला एक फोड आलाय, चपलेचा पट्टा घासून. मुलीने तो पाहिला, म्हणाली पुढच्या वेळी डॉक्टर बघतील. पुढच्या वेळी तिसरा शिक्का आहे. नियमात काही करता येईल का? एकीसाठी मागत नाही. तिच्या मागे बाकावर आमच्याच गल्लीतल्या सहा बायका बसल्या होत्या.

तुझी,
टाका


२ मार्च

प्रिय टाका,

रागावू नकोस, पण तुझी शेजारीण तुला गुंडाळते आहे. मंडईला एकदा जाऊन थकलात आणि निष्कर्ष काढून मोकळ्या झालात. माझ्याकडे चार हजार रुग्णांचे आकडे आहेत. ते खोटं बोलत नाहीत. रकाने दोनच आहेत, कारण शरीरालाही दोनच कळतात. पोटात काय गेलं आणि काय नाही, एवढंच. बस किती वाजता आली, ते रक्त विचारत नाही.

फोडाचं मात्र लगेच दाखवायला सांग. साखरेच्या माणसाने पायाकडे दुर्लक्ष करू नये. आणि तिसरा शिक्का बसलाच, तर कदाचित तिला जाग येईल. माणूस धक्का बसल्याशिवाय बदलत नाही. दादाच्याच साखरेचं बघ. मी किती कानीकपाळी ओरडले! दर वेळी 'हो गं, खातो' म्हणायचा. खाल्लं असतं, तर आज असता. त्याची हयगय मी बघत राहिले, याची मला अजून चीड येते, म्हणून तर शिक्का आणला. हे तुला लिहिणार नव्हते. लिहून गेलं.

परिषदेच्या भाषणात मी शाळेची आठवण घालणार आहे. आपल्या सिस्टरांची परसबाग, गाजरांचे वाफे, आणि शिक्षा म्हणून आपल्याला तण काढायला लावायच्या ते. शिस्तीतून आरोग्य, असं काहीसं.

तुझी,
काटा


२० एप्रिल

प्रिय टाका,

दीड महिना झाला, तुझं पत्र नाही. परिषद छान झाली. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि मला एकदम तू आठवलीस, शाळेच्या बक्षीस समारंभात माझं नाव आलं की बाकावर चढून टाळ्या वाजवायचीस ती.

माझं काही लागलं का तुला? दादाबद्दलचं? तसं असेल तर भांड, पण लिही. फोन केला तर कोणी उचलत नाही. शेजारणीचं काय झालं?

काटा


३ मे

आहारविभाग प्रमुख यांस,

वन्सं, तुम्ही शेजारणीची चौकशी केलीत. कळवते.

तिला ९ मार्चला तिसरा शिक्का बसला. फाईल बंद झाली. पायाचा फोड कोणी पाहिला नाही, कारण बंद फाईलचा पाय पाहत नाहीत. टेबलामागची मुलगी म्हणाली, सरकारी ओपीडीत दाखवा. तिथे तीन वेळा जाऊन तिचा नंबर आला नाही. चौथ्या वेळी आला, तेव्हा करंगळी काळी झाली होती. ११ एप्रिलला डाव्या पायाची दोन बोटं कापली. जखम अजून भरत नाही. भरली नाही तर घोट्यापर्यंत जाऊ, असं डॉक्टर म्हणाले. कापड किती लागेल ते सांगावं, तसं.

खालच्या मजल्यावर कोणी राहत नाही, वन्सं. तिथे कुलूप आहे.

ती शेजारीण मी.

तुमचा फोन वाजला तेव्हा मी वॉर्डात होते. आता घरी आहे. पायडल दाबता येत नाही. मशीनवर चादर घातलीय.

तुम्ही विचाराल, नाव का सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी त्या मुलीने विचारलं होतं, "आमच्या मॅडमचं हेच आडनाव. नात्यातल्या का तुम्ही?" मी म्हटलं, नाही. मला वाटलं, तुमच्या घरच्या माणसाच्या फाईलवर लाल शिक्का दिसला तर तुमची मान खाली जाईल. आणि हेही वाटलं की वहिनी म्हणून वेगळी वागणूक मिळाली, तर बाकावरच्या त्या सहा जणींना मी तोंड कसं दाखवू? म्हणून शेजारीण केली. तुम्ही शेजारणीला काय म्हणालात ते मग मलाच ऐकावं लागलं. इच्छा नाही. गुंडाळते आहे. जाग येईल.

आली जाग.

आता तुमच्या दादाबद्दल. हे मी मेले तरी सांगणार नव्हते.

त्या फळांच्या परडीचं तुम्हाला फार कौतुक. तुमच्या भेटीच्या आदल्या दिवशी तो पाळी संपवून, न झोपता, दोन बस बदलून मंडईत जायचा. सफरचंदं स्वतः पुसून परडीत रचायचा, डाग असलेली बाजू खाली. मी म्हणायची, "अहो, एक तरी तुम्ही खा." तर म्हणायचा, "ती येऊन जाऊ दे." तुम्ही दोन खायचात, बोलत बोलत तिसरं हातात घेऊन गाडीत बसायचात आणि म्हणायचात, "तुमच्याकडे सगळं मिळतं की!" तो हसून हात हलवायचा. उरलेली तो जिन्यातल्या पोरांना वाटायचा, कारण ती दारातून आशेने बघायची. एवढं त्याचं फळ.

आणि तो 'हो गं, खातो' का म्हणायचा? कारण तुमच्या फीसाठी त्याने कॉलेज सोडून कारखान्याचं फाटक धरलं. शिकवून मोठी केलेली बहीण खाण्याचं शास्त्र सांगते आहे, आणि तिला 'मला ते मिळत नाही' म्हणायचं, हे त्याच्या तोंडून निघेना. ती लाज होती. तुम्ही तिला हयगय म्हणालात. त्याच्यावर शिक्का मारायचा राहिला, तो माझ्या पायावर मारलात.

गाजरांचे वाफे आठवतात म्हणे तुम्हाला. शिस्त आठवते. मला वेगळं आठवतं. बागेतलं सगळं वसतिगृहाच्या ताटात जायचं. फी माफ असलेल्या आम्हा मुलींना व्हरांड्यात पाव आणि पातळ सूप. तुमच्या पिनाफोरच्या खिशात रोज एक गाजर असायचं. बाकाखालून माझ्या मांडीवर यायचं, माती लागलेलं. अर्धी भूक मला देऊन तुम्ही काट्यासारख्या बारीक राहिलात. त्या मुलीने मला एकदाही विचारलं नाही की तू स्वतः का पिकवत नाहीस, तुझी इच्छा कमी आहे का.

ती मुलगी कुठे गेली, तुम्हाला माहीत असेल तर कळवावं. तुम्हाला पुन्हा पत्र लिहायचं का, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आपली,
वहिनी


२४ मे

टाका,

'प्रिय' लिहायचा हक्क मला आज नाही, म्हणून लिहिलं नाही.

तुझं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी गाडी घरी ठेवली, तक्ता घेतला आणि तुमच्याकडे आले. दोन बसने. ठरवलं होतं की चौदा गोष्टी तुमच्या वस्तीत विकत घ्यायच्या, पिशवी भरून तुझे तीन जिने चढायचे आणि पाय धरायचे.

पाकीटवाल्याकडे गेले. "मॅडम, तुम्ही चुकून इकडे?" म्हणाला. मी म्हटलं, पालेभाजी हवी. "आहे ना," म्हणत त्याने हिरव्या रंगाच्या वेफर्सचं पाकीट काढलं, वर पालकाचं पान छापलेलं. फळ म्हटल्यावर फळाच्या चवीचं सरबत. दही संपलं होतं, कधी येईल माहीत नव्हतं. चार गल्ल्या फिरले. अंडी मिळाली, कोंब आलेले कांदे मिळाले आणि दोन वाळकी लिंबं. चौदापैकी तीन. पाय दुखायला लागले, तहान लागली आणि मी काय केलं माहितीये? बिस्किटांचा पुडा घेतला आणि फुटपाथवर उभं राहून अर्धा संपवला. मी! पंधरा वर्षं लोकांना त्याच पुड्यावरून बोलणारी मी.

औषधांच्या दुकानात गर्दी होती. दुकानदाराला विचारलं, "इथे लोक खातात काय हो?" त्याने वर न बघता पाकीटवाल्याच्या दुकानाकडे बोट केलं. "आधी त्याच्याकडचं. मग माझ्याकडचं."

तुझ्या खिडकीखाली येऊन उभी राहिले. हातात लिंबं. वर यायला तोंड नव्हतं. परत गेले.

मग कपाट उघडलं. बंद फायलींचं. आजवर मी आकडे पाहिले होते, पत्ते पाहिले नव्हते. तो रकाना आम्ही छापतच नाही. एकशे ब्याऐंशी फायली, टाका. पत्ते वाचत गेले, तर त्याच चार वस्त्या फिरून फिरून येत होत्या. चारही मी जाऊन पाहिल्या. चारही ठिकाणी बाजार पाडलेला. माझ्या रुग्णांची साखर उतरली नव्हती गं, मी फक्त न उतरणारी माणसं बाहेर काढली होती. उभं राहून टाळ्या वाजवल्या त्या त्याला.

तुझी फाईल एकशे तेरावी निघाली. नातेवाईक या शब्दापुढे लिहिलंय, 'कोणी नाही'. माझी सही त्याच्याच खाली, वर गेलेल्या फराट्यासकट.

मोठ्या डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, शिक्का बंद करा, ही माणसं परत बोलवा आणि महापालिकेला हॉस्पिटलच्या कागदावर लिहा की बाजार पाडून तुम्ही लोकांचे पाय कापताय. ते म्हणाले, "मॅडम, आपण रोग बघतो, मंडई नाही." मी म्हटलं, "मग तक्ता कशाला देतो? गोळी लिहून देतो तर गोळी औषधांच्या खिडकीवर मिळते ना?" ते म्हणाले, "ही माणसं परत घेतली तर आपले आकडे किती पडतील? आणि टाळ्या तर तुम्हीच घेतल्यात." हे मात्र खरं होतं. मी दार आपटून बाहेर आले. साठी ओलांडली तरी दार आपटलं की बरं वाटतं.

त्यानंतर बारा दिवस मी एकशे ब्याऐंशी पत्रं हाताने लिहिली. तुमची फाईल चुकीने बंद झाली, चूक माझी, परत या. परवानगी घेतली नाही. टेबलामागची ती मुलगी, तू म्हणालीस ती वाईट नाही बिचारी, तिने पाकिटांवर पत्ते घातले. मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. चौकशी ९ जूनला सकाळी अकरा वाजता, पहिल्या मजल्यावर. नोकरी जाईल असं सगळे म्हणतात. जाऊ दे. पण मी गेले आणि शिक्का राहिला, तर काय उपयोग?

तुझ्या जखमेसाठी आमच्या पायाच्या डॉक्टरांशी बोलले आहे. ते दोन-तीन दिवसांत घरी येऊन ड्रेसिंग करतील. वहिनी म्हणून करत नाही. यादीतल्या जखमा असलेल्या नऊ जणांकडे ते जाणार आहेत, तुझा क्रमांक सहावा. मी येणार नाही, तू म्हणेपर्यंत. पण दार उघड गं. पाय तुझा आहे, राग माझ्यावर काढ.

दादाच्या परडीबद्दलही लिहायला बसले. तीन वेळा लिहिलं आणि फाडलं.

काटा


२ जून

काटा,

तुझे डॉक्टर आले. दार उघडलं. चांगला माणूस आहे, पायाशी माणसासारखा बोलतो. म्हणाला घोटा वाचेल, वाचवायचाच. आठ दिवसांत दोनदा येऊन गेला. जखमेत कडेने नवं मांस धरतंय. पायडलचं तो बघू म्हणतो. मी म्हटलं, तुम्ही बघू म्हणू नका, उसवलेलं घेऊन आलेल्या लोकांना मीही तेच म्हणते आणि ते दोन महिने खुंटीवर राहतं.

तू त्या दिवशी खाली उभी होतीस ते मी पाहिलं होतं. खिडकीतच बसले होते, पाय स्टुलावर. तुझं डोकं पार पांढरं झालंय. हातात दोन लिंबं, आणि पिशवीतून डोकावणारा बिस्किटांचा पुडा. वरून दिसत होता. हाक मारावीशी वाटली. मारली नाही. मुद्दाम. तुला तीन जिने न चढताच सुटका मिळू नये असं वाटलं, आणि चढलीस तर मी रडेन असंही वाटलं. दोन्ही खरं आहे. राग गेलाय असं समजू नकोस. तो आता माझा एकटीचा राहिला नाही, एवढंच.

तुझी पत्रं पोचली. आमच्या गल्लीत एकोणीस, मागच्या वस्तीत बावीस. बायका पत्र घेऊन माझ्याकडे येतात, 'वाच गं' म्हणतात. पहिल्या ओळीनंतर पुन्हा म्हणतात, 'वाच'. 'चूक माझी' एवढेच दोन शब्द, दोनदा. आजवर हॉस्पिटलमधून असं कोणाला आलेलं नाही. एक जण नवऱ्याचं पत्र घेऊन आली. नवरा मार्चमध्ये गेला. तिलाही वाचून दाखवलं. ती पत्राची घडी घालून घेऊन गेली. हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

तर ९ जूनला अकरा वाजता आम्ही येतो आहोत. दोन बसने. खालच्या शाळेच्या रखवालदाराने चाकाची खुर्ची दिलीय, आणि पैलवान म्हणतात तो आमचा भंगारवाला मला तीन जिने खाली उतरवणार आहे. म्हणतो, "आजी, तुम्ही भोपळ्यापेक्षा हलक्या." बसमधली ती गोष्ट वस्तीभर झालीय.

प्रत्येकीच्या हातात तुझा तक्ता असेल, प्लास्टिकच्या आवरणातला. भिजला तरी खराब होत नाही, बरं झालं. दुसऱ्या हातात पिशवी. त्या तक्त्यासाठी सकाळी आपल्या गल्लीत जे मिळालं ते पिशवीत. हिरवे वेफर्स, फळाच्या चवीचं सरबत, कोंब आलेले कांदे. सगळं चौकशीच्या टेबलावर ओतायचं ठरलंय. मोठ्या डॉक्टरांना म्हणावं, आता सांगा, कोणत्या रकान्यात टिचकी मारता. त्यांनी आम्हाला खाली थांबवलं, तर जिन्यावर ओतू. तिथून महापालिकेच्या कचेरीचं फाटक चालत दहा मिनिटांवर आहे. पिशव्या परत भरता येतात.

मशीन बंद आहे, पण हात चालू आहेत. जुन्या चादरींच्या एक्केचाळीस पिशव्या हाताने शिवल्या. प्रत्येकीवर लाल दोऱ्याने, सिस्टरांनी शिकवलेल्या फुलीच्या टाक्याने, दोनच शब्द घातलेत. 'मिळत नाही.' तुझ्या कॉम्प्युटरमध्ये तो रकाना नव्हता ना? आता कापडावर आहे. धुतला तरी जात नाही.

बेचाळिसावी पिशवी तुझी. ती तुझ्या दादाच्या कारखान्याच्या सदऱ्याची केलीय. निळी, एका खिशासकट. खिशात मंडईतलं एक गाजर ठेवणार होते, पण पाय टेकता येत नाही, म्हणून तिथवर जाता आलं नाही. खिसा रिकामा आहे. तसाच ने.

तिच्यावर मी अजून शब्द घातलेले नाहीत. त्या खोलीत सगळ्यांसमोर उभी राहशील, तेव्हा तुझा दादा का गेला ते एकदा मोठ्याने सांग. माझे कान गेलेत, तेव्हा खरंच मोठ्याने. जे सांगशील, तेवढंच मी तिथे बसून तिच्यावर घालीन. सुई ओवून आणते.

टाका